साने गुरुजी आणि त्यांची अमळनेरची मुले



जून महिना आला की शाळा उघडतात. नवे दप्तर, नवा वर्ग, नवे शिक्षक. याच महिन्यात, ११ जूनला, साने गुरुजींची पुण्यतिथी येते. ते ख्रिस्ती नव्हते, तरी मराठी ख्रिस्ती घरांतही 'श्यामची आई' आवडीने वाचली गेली. आज मात्र त्या आईबद्दल नव्हे, मोठेपणी मास्तर झालेल्या श्यामबद्दल लिहायचे आहे. आपल्या धर्मग्रामात शाळेत शिकवणारे आहेत, रविवारी धर्मशिक्षण देणारे आहेत आणि मुलांचे आईबाप तर आपण बहुतेक सगळेच.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी, दापोली तालुक्यातील पालगड येथे झाला. घरची गरिबी. काही वर्षे ते दापोलीच्या मिशन शाळेत शिकले, नंतर औंधला आणि मग पुण्याला. शिक्षणासाठी त्यांनी अर्धपोटी दिवस काढले. १९१७ मध्ये आई वारली. उपाशी पोटाने वर्गात बसणाऱ्या मुलाला काय वाटते, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

पुढे तत्त्वज्ञानाचा अभ्यास करण्यासाठी ते खानदेशात अमळनेरला आले आणि १९२४ साली तिथल्या शाळेत, म्हणजे आजच्या प्रताप हायस्कूलमध्ये, शिक्षक झाले. स्वभावाने लाजाळू, आवाजात जरब नाही. असा मास्तर वर्ग कसा सांभाळणार, असे कोणालाही वाटले असते. थोड्याच काळात शाळेचे वसतिगृहही त्यांच्याकडे आले आणि खरे साने गुरुजी तिथे दिसले.

मुले खोल्या झाडत नसत, कपडे इथे तिथे टाकून शाळेत जात. गुरुजींनी छडी घेतली नाही की नोटीस लावली नाही. मुले बाहेर गेली की ते स्वतः खोल्या झाडत, मळके कपडे धुऊन वाळत घालत, कंदिलाच्या काचा पुसून ठेवत. परत आलेल्या मुलाला आपले धुतलेले कपडे घडी करून ठेवलेले दिसत. काही दिवसांनी मुलांनाच लाज वाटू लागली व ती आपली कामे आपण करू लागली. कोणी आजारी पडला तर गुरुजी रात्री त्याच्या उशाशी बसत. गरीब मुलांना ते आपल्या पगारातून मदत करीत. प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले, तो प्रसंग आपण दर पवित्र गुरुवारी पाहतो. अमळनेरच्या वसतिगृहात तो वेगळ्या रूपात रोज घडत होता.

नुसती सेवाच नव्हती. मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. देशोदेशीच्या बातम्या, थोरांची चरित्रे, कविता असे सारे स्वतः लिहून मुलांसमोर ठेवीत. १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिक सुरू केले. मुलाला जीव लावायचा आणि त्याच्या डोक्यालाही खाद्य द्यायचे, ही दोन्ही कामे त्यांनी एकत्र केली. इटलीतील तुरिन शहरात संत जॉन बॉस्को यांनी रस्त्यावरच्या मुलांमध्ये हेच केले होते. शिक्षेची भीती घालण्यापेक्षा मुलांमध्ये मिसळावे, त्यांच्या खेळातही असावे, आपल्यावर प्रेम आहे हे मुलाला कळू द्यावे, असा त्यांचा आग्रह होता.

आता कोणी म्हणेल, साठ मुलांच्या वर्गात हे कसे जमायचे? शिक्षकाला अभ्यासक्रम, परीक्षा, वरून निवडणुकीची आणि जनगणनेची कामे. म्हणणे खरे आहे. वसतिगृह वेगळे, शाळेचा तास वेगळा; कपडे धुवायला कोणी सांगतही नाही. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतून छडी काढून घेतली आहे. तिच्या जागी काय ठेवायचे, याचे उत्तर कायद्यात सापडत नाही. मुलाचे नाव ठाऊक असणे, तो आज गप्प का आहे हे विचारणे, एवढे साठ जणांच्या वर्गातही थोडे थोडे जमते. आणि पालकांनीही घरी मुलांदेखत शिक्षकांची टवाळी करणे थांबवले, तर निम्मे काम सोपे होईल.

१९३० मध्ये गुरुजी नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात आपल्या रायगड जिल्ह्यातील गागोदे गावचे विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत. मुलांचा हा लाडका मास्तर तिथे विद्यार्थी होऊन बसला आणि त्याने ती प्रवचने उतरून घेतली. आज आपल्याला ती वाचायला मिळतात ती त्यामुळेच. 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहून झाली. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून त्यांनी दहा दिवस उपोषण केले आणि मंदिर खुले झाले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले.

११ जून १९५० रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्यांनी स्वतःच आपले जीवन संपवले. हे लपवायचे कारण नाही. अशा माणसांच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये, त्यांना देवाच्या दयेवर सोपवून त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, अशी पवित्र ख्रिस्तसभेची शिकवण आहे. शेकडो मुलांच्या उशाशी बसलेल्या या माणसाच्या मनातला अंधार मात्र कोणाला दूर करता आला नाही. आपल्या मुलांच्या शिक्षकांना आपण शेवटचे कधी विचारले, तुम्ही कसे आहात?

पळस्प्याहून गोवा महामार्गाने गेले की माणगाव तालुक्यात वडघर येथे साने गुरुजींचे राष्ट्रीय स्मारक आहे. मुलांची शिबिरे तिथे भरतात. गावी जाता येता मुलांना घेऊन तासभर तिथे थांबता येईल.