ऐंशी दुखापती आणि बर्फाचे थर

साठावा वाढदिवस होऊन तीनच दिवस झाले होते. २८ फेब्रुवारी १९१६ रोजी, पहिल्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, ऑस्ट्रिया-इटली सीमेवरील कार्निक आल्प्समध्ये माथियास झदार्स्की एका शोधपथकाबरोबर निघाले होते. बर्फाखाली गाडल्या गेलेल्या सैनिकांना बाहेर काढायचे होते. तेवढ्यात दुसरा हिमकडा कोसळला आणि झदार्स्की स्वतःच त्याखाली सापडले. त्यांना जिवंत बाहेर काढले, पण मोडलेली हाडे आणि निखळलेले सांधे यांची मोजदाद ८० च्या घरात गेली. पेनिसिलिन रुग्णांपर्यंत पोहोचायला अजून पाव शतक जायचे होते. रक्त देण्याचे तंत्रही बाल्यावस्थेत होते. अशा काळात साठीचा हा माणूस वाचला, पुन्हा चालू लागला आणि पुन्हा बर्फावर उतरला.

झदार्स्की यांचा जन्म २५ फेब्रुवारी १८५६ चा. गाव मोराव्हिया प्रांतातले, आजच्या चेक प्रजासत्ताकातले. लहानपणीच त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. पुढे ते शिक्षक झाले, चित्रकला आणि शिल्पकलेतही रमले. १८८९ मध्ये त्यांनी ऑस्ट्रियातील लिलियनफेल्ड गावाजवळ डोंगरात एक शेतवाडी घेतली आणि तिथे एकांतात राहू लागले. फ्रिट्जोफ नान्सेन यांनी १८८८ मध्ये स्कीवरून ग्रीनलँड पार केले होते. त्या प्रवासाचे वर्णन वाचून झदार्स्की यांनी नॉर्वेहून लाकडी स्की मागवल्या.

नॉर्वेच्या लांब फळ्या सौम्य उतारांसाठी होत्या. लिलियनफेल्डच्या तीव्र उतारावर त्या वळवता येईनात. झदार्स्की यांनी फळ्या आखूड केल्या आणि बूट फळीला पक्का धरून ठेवणारी लोखंडी पकड तयार केली. अनेक वर्षांच्या प्रयोगांनंतर, १८९६ च्या सुमारास, त्यांनी या तंत्रावर पुस्तक प्रसिद्ध केले. हातात एकच लांब काठी घेऊन, वळणे घेत, वेग ताब्यात ठेवत उतरायची ही पद्धत होती. त्यांनी हजारो लोकांना ती शिकवली आणि त्यासाठी पैसे घेतले नाहीत. १९ मार्च १९०५ रोजी लिलियनफेल्डजवळच्या मुकेनकोगल डोंगरावर त्यांनी ८५ खुणांमधून वळत उतरण्याची शर्यत भरवली. आजच्या स्लॅलम शर्यतीची सुरुवात तिच्यापासून मानतात.

त्या काळी यंत्राने दाबून सपाट केलेले, पहारा असलेले स्कीचे मार्ग नव्हते. प्रत्येक उतार नैसर्गिकच होता. म्हणून उतरण्याआधी बर्फ ओळखणे भाग होते. युद्ध सुरू झाल्यावर डोंगरी फौजेला नेमके हेच ज्ञान हवे होते. झदार्स्की सैनिकांना स्की शिकवू लागले आणि हिमस्खलनाबाबत सल्लाही देऊ लागले.

वरून एकसारखा दिसणारा बर्फ आतून थरांचा असतो. प्रत्येक हिमवृष्टीचा, प्रत्येक वादळाचा आणि प्रत्येक उन्हाच्या दिवसाचा थर वेगळा. काही घट्ट, काही भुसभुशीत. जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या आसपास असतो आणि वरची हवा उणे पंधरा-वीस. बर्फ पातळ असेल तर हा फरक थोड्याच जाडीत सामावतो. मग खालच्या कणांची वाफ वर सरकते, पुन्हा गोठते आणि एकमेकांत गुंतलेल्या कणांचे साखरेसारखे सुटे दाणे होतात. त्यावर वाऱ्याने आणलेल्या बर्फाची कडक लादी बसली, की ज्वारीच्या दाण्यांवर फरशी ठेवल्यासारखी स्थिती होते. उतार ३० ते ४५ अंशांचा असेल, तर एका माणसाचे वजनही ती फरशी सुटायला पुरते. म्हणूनच हिमस्खलनात सापडलेल्या बहुतेक स्कीपटूंच्या बाबतीत तो हिमकडा त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच सोबत्यांनी हलवलेला असतो.

हा धोका समजणारे लोक १९१६ मध्येही होते. त्यांचे ऐकले जाईलच असे मात्र नव्हते. त्याच वर्षी १३ डिसेंबरला मार्मोलाडा पर्वताखालच्या ऑस्ट्रियन छावणीवर हिमकडा कोसळून अडीचशेहून अधिक सैनिक मेले. छावणी हलवावी, अशी विनंती तिथल्या अधिकाऱ्याने आधीच केली होती. वरिष्ठांनी ती मानली नव्हती.

झदार्स्की तेव्हा आपल्या दुखापतींशी झगडत होते. इतकी हाडे मोडलेल्या रुग्णाला मोडलेल्या हाडांइतकाच धोका पडून राहण्याचा असतो. पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात, पाठीला जखमा होतात, फुप्फुसांत कफ साचून न्यूमोनिया होतो, स्नायू झिजतात, सांधे आखडतात. आज यासाठी फिजिओथेरपीचा स्वतंत्र विभाग असतो. झदार्स्की यांनी स्वतःच व्यायाम ठरवले, त्यासाठी साधने बनवली आणि वर्षानुवर्षे नेमाने ते केले. वेदना पूर्ण गेल्या नाहीत, पण ते पुन्हा स्की करू लागले.

१९२९ मध्ये त्यांनी हिमस्खलनावरचे पुस्तक लिहिले. त्यात आपण गाडले गेल्याचा अनुभवही त्यांनी तपशीलवार नोंदवला. बर्फ निरुपद्रवी दिसतो म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवू नये, हा त्यांच्या लिखाणाचा गाभा. ज्याने आयुष्यभर बर्फ वाचला, तोही त्याखाली सापडला होता. त्यामुळे अनुभवाने धोका कमी होतो, संपत नाही, हे त्यांच्याइतके अधिकाराने सांगणारे कमीच. त्यांच्या हयातीतच, १९३६ मध्ये, स्वित्झर्लंडमध्ये दावोसजवळ बर्फाची प्रयोगशाळा उभी राहिली आणि थरांचा अभ्यास शास्त्रशुद्ध झाला. २० जून १९४० रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, झदार्स्की यांचे निधन झाले.

आज जाणकार आधी उताराचा कोन आणि हवामान पाहतात. गेल्या एक-दोन दिवसांत बरीच हिमवृष्टी, जोरदार वारा किंवा अचानक वाढलेले तापमान ही धोक्याची लक्षणे. शेजारच्या उतारावर ताजा कोसळलेला बर्फ, पायाखाली धप्प असा आवाज, पावलापासून धावत जाणारी भेग, यांपैकी काहीही दिसले तर मागे फिरायचे. थर तपासायचे असतील तर खड्डा खणून ३० सेंटिमीटर रुंद आणि तितकाच खोल बर्फाचा खांब मोकळा करतात. वर फावडे ठेवून आधी मनगटातून, मग कोपरातून, मग खांद्यातून प्रत्येकी दहा थापा मारतात. थोड्याच थापांत खांब एका थरावर घसरला तर उतार कच्चा. खांब टिकला म्हणून मात्र उतार सुरक्षित ठरत नाही. वीस पावलांवर थर वेगळे असू शकतात.

यवतमाळहून हे सगळे दूरचे वाटेल, पण तसे नाही. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनमधील सोनम चौकीवर बर्फ कोसळून दहा जवानांना प्राण गमवावे लागले; त्यांत सातारा जिल्ह्यातील एक जवान होता. जानेवारी २०१७ मध्ये काश्मीरच्या गुरेझमध्ये विदर्भातील जवान बर्फाखाली गेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये उत्तराखंडात द्रौपदी का डांडा शिखरावर गिर्यारोहणाचे प्रशिक्षण घेणारे तरुण मृत्युमुखी पडले. गुलमर्गला पर्यटक ज्या अफरवट डोंगरावर गोंडोलाने जातात, तिथे राखलेल्या मार्गाबाहेर गेलेले परदेशी स्कीपटू २०२३ मध्ये दगावले. भारतात १९६९ मध्ये मनालीला हिम आणि हिमस्खलन अभ्यास संस्था स्थापन झाली. आज हे काम डीआरडीओची चंदीगड येथील संस्था करते आणि हिमालयी भागांसाठी इशारे देते. डिसेंबर-जानेवारीत बर्फातल्या ट्रेकला मुलांना पाठवणाऱ्या पालकांनी आयोजकाला हा इशारा रोज पाहतो का, हे जरूर विचारावे.

गाडल्या गेलेल्या माणसाचा शत्रू थंडीपेक्षा आधी गुदमरणे हा असतो. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचतात. अर्धा तास उलटला की हे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास येते. बाहेरची मदत इतक्या लवकर पोहोचत नाही, म्हणून सोबत्यांकडेच ट्रान्सीव्हर, लांब सळई आणि फावडे हवे. चेहरा मोकळा होताच तोंड आणि नाकातला बर्फ काढावा, श्वास नसेल तर लगेच कृत्रिम श्वास द्यावा. बराच वेळ गाडल्या गेलेल्या, थंडगार पडलेल्या पण श्वासमार्ग मोकळा असलेल्या माणसाला तिथेच मृत समजू नये. शरीर ऊबदार करेपर्यंत रुग्णालयात प्रयत्न चालू ठेवतात.

वाचलेल्याला वाऱ्यापासून झाकण्यासाठी गिर्यारोहक हलकी कापडी पिशवी जवळ बाळगतात. तिच्यात दोन-तीन माणसे एकत्र बसून शरीराची ऊब टिकवू शकतात. जर्मन भाषिक देशांत या पिशवीला आजही झदार्स्की यांच्याच नावाने ओळखतात.