प्रश्न विचारणारे बाबासाहेब

परवा महिला ग्रामसभेचा विषय निघाला, तेव्हा शेजारच्या काकूंनी सरळ हात झटकले. तिथं जाऊन विचारायचं काय आणि विचारून होतं तरी काय, असं त्यांचं म्हणणं. उत्तर कागदावर मिळतं, हंडा रिकामा तो रिकामाच! मलाही पटकन उत्तर सुचलं नाही. घरी आले, कुकर लावला आणि भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे लक्ष गेलं. घटनाकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण मैत्रिणींनो, घटना लिहिण्याच्या वीस वर्षं आधीपासून हा माणूस मुंबईच्या कायदे कौन्सिलात उभा राहून सरकारला प्रश्न विचारत होता. शाळेचे, शेतसाऱ्याचे, बाळंतिणीचे प्रश्न. त्यांची ही बाजू आपल्याला फारशी ठाऊक नसते.

त्या प्रश्नांची सुरुवात मात्र एका लहान मुलाच्या तहानेपासून होते.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूचा. वडील रामजी सुभेदार लष्करातून निवृत्त होऊन साताऱ्याला आले. आई भीमाबाई लवकरच गेल्या. पोरांना आत्यानं सांभाळलं. १९०१ साली वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला कॅशियर होते. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून सरकारनं तिथं तलाव खोदायला काढला होता. आपल्या सोलापूर जिल्ह्याला दुष्काळी काम म्हणजे काय ते सांगायला नको! सुट्टीत वडिलांकडे जायचं म्हणून नवे कपडे, जरीच्या टोप्या घालून भीमराव, त्यांचा भाऊ आणि भाचे आगगाडीनं मसूर स्टेशनात उतरले. कळवलेलं पत्र वडिलांना मिळालंच नव्हतं, त्यामुळे न्यायला कोणी आलं नाही. मुलं महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. एकही गाडीवान गाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, तेही गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानानं बाजूनं चालायचं या अटीवर. आत्यानं डबा भरून दिला होता, पण वाटेत प्यायला पाणी कुठंच मिळालं नाही. टोलनाक्यावर मागितलं, तिथंही नाही. घास घशाखाली उतरणार कसा? जवळ अन्न असून पोरं रात्रभर उपाशी झोपली.

स्टेशन होतं, रस्ता होता, टोलनाका होता. सगळं सरकारी, लोकांच्या पैशानं उभारलेलं. तरी त्या मुलांना घोटभर पाणी नव्हतं.

पुढं बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या मदतीनं ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकले, मग लंडनला अर्थशास्त्र आणि कायदा शिकले. १९२३ साली परत आले. त्याच वर्षी ४ ऑगस्टला मुंबई कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेल्या किंवा सरकारनं नेमलेल्या संस्थांच्या ताब्यातल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, तसंच सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. किती चांगला! पण काकू म्हणतात तसंच झालं. ठराव कागदावर राहिला. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला, पण पाण्याला हात लावायची कोणाची छाती नव्हती.

अशा वेळी बाबासाहेब कौन्सिलात आले. १९२६ च्या अखेरीस सरकारनं त्यांना सभासद नेमलं. सरकारनं नेमलेला सभासद सरकारच्या मर्जीनं वागेल, असं कोणालाही वाटलं असतं. पण १९२७ च्या फेब्रुवारीत अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी शेतसाऱ्यालाच हात घातला. प्राप्तिकर ठरावीक कमाईच्या वर लागतो, मग एखाद-दुसऱ्या एकराच्या शेतकऱ्याला मात्र बड्या जमीनदारासारखाच सारा का, असा त्यांचा मुद्दा होता.

मग आला १२ मार्च १९२७ चा दिवस. विषय शिक्षणाच्या खर्चाचा. बाबासाहेबांनी सरकारचेच आकडे सरकारपुढं मांडले. सरकार शिक्षणावर माणशी अवघे १४ आणे खर्च करतं आणि दारूच्या करातून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करतं. निदान दारूतून घेता तेवढं तरी शिक्षणावर घाला, अशी त्यांची मागणी होती. शाळेत घातलेल्या शंभर मुलांतली फक्त १८ चौथीपर्यंत पोचतात, बाकीची ८२ पुन्हा निरक्षर होतात, हेही त्यांनी दाखवून दिलं. आणि सगळ्यात मनाला लागणारा आकडा आपला, बायकांचा! त्या वेळच्या गतीनं सगळे मुलगे शाळेत यायला ४० वर्षं लागणार होती आणि सगळ्या मुली यायला ३००. म्हणजे तुमच्या-माझ्या नातीच्या नातीलाही पाटी मिळाली नसती.

या भाषणानंतर आठवड्यानं, १९ आणि २० मार्चला महाडची परिषद झाली. २० मार्चला बाबासाहेब हजारो लोकांबरोबर चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्यायले. कौन्सिलात मंजूर झालेला ठराव पायी चालत पाण्यापर्यंत न्यावा लागला, तो असा. त्याबद्दल मारहाण झाली, वर कोर्टकचेरी झाली. हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनं लागायला १९३७ साल उजाडलं. एका ओंजळीसाठी दहा वर्षं!

१९२८ च्या जुलैमध्ये कारखान्यांतल्या बायकांना बाळंतपणात रजा आणि भत्ता देण्याचं बिल कौन्सिलात आलं. खर्च कोणी करायचा म्हणून वाद झाला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे साऱ्या देशाच्या हिताचं आहे, म्हणून सरकारनं भार उचलावा. पण बाईच्या कामावर नफा मिळवणारा मालकही त्यातून सुटता कामा नये, अशी बाबासाहेबांची भूमिका होती. १९२९ मध्ये तो कायदा झाला.

हे बोलणाऱ्या माणसाच्या घरात काय चाललं होतं? रमाबाईंनी पाचातली चार लेकरं गमावली होती. काटकसरीनं, आजारपणात संसार ओढला. त्यांना एकदा पंढरपूरला जायचं होतं. पण विठोबाचं दर्शन लांबून, बाहेरूनच घ्यावं लागणार, म्हणून बाबासाहेब तयार नव्हते. २७ मे १९३५ ला रमाबाई गेल्या. ती इच्छा राहूनच गेली.

अडीच वर्षांनी, १९३७ च्या डिसेंबरअखेर, सोलापूर जिल्ह्यातल्या अस्पृश्यांची परिषद पंढरपुरात भरली. बाबासाहेब कुर्डुवाडी स्टेशनवर उतरले आणि तिथून पंढरपूरला गेले. रेल्वेच्या वाटेनं पाहिलं तर एका बाजूला कुर्डुवाडी, दुसऱ्या बाजूला पंढरपूर आणि मधे आपलं मोडनिंब. पंढरपूर जवळ आलं तेव्हा त्यांना रमाबाई आठवल्या असतील का? मला आपलं उगीच वाटतं, आठवल्या असतील. पुढच्या जानेवारीत सोलापूर नगरपालिकेनं त्यांना मानपत्र दिलं.

तोवर ते निवडून आलेले आमदार झाले होते. सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी कोकणातली खोती बंद करण्याचं बिल मांडलं. सोलापुराहून परतल्यावर लगेच, १० जानेवारी १९३८ ला, मुंबईत शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिलवर नेला. खोती नष्ट करा आणि शेतमजुराला किमान मजुरी द्या, या त्यातल्या मागण्या. बिल काही मंजूर झालं नाही. महार वतनाच्या गुलामगिरीविरुद्ध १९२८ मध्ये मांडलेलं बिलही तडीस गेलं नव्हतं.

हरले म्हणायचे का मग? खोती गेली १९४९ च्या कायद्यानं. वतनं गेली १९५८ च्या कायद्यानं, तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते. ६ डिसेंबर १९५६ ला त्यांचं निधन झालं होतं. बाळंतपणाच्या रजेचा देशभराचा कायदा आला १९६१ ला. विचारणारा गेला तरी प्रश्न मागं राहतो आणि आपलं काम करत राहतो. फक्त तो कुठंतरी लिहिलेला हवा. बाबासाहेबांचे सगळे प्रश्न आकड्यांसकट कौन्सिलच्या दप्तरात लिहिले गेले, म्हणून तर आज आपल्याला वाचता येतात.

काकूंना हे सगळं सांगितलं. त्या गप्प बसल्या, मग म्हणाल्या, की शेतात खुरपणारीला अजून कुठं बाळंतपणाची पगारी रजा मिळते? मी म्हटलं, बघा, हाच पहिला प्रश्न! तो घेऊन आम्ही दोघी पुढच्या महिला ग्रामसभेला जाणार आहोत. पाण्याचाही विचारणार. उत्तर मिळो न मिळो, आपला प्रश्न प्रोसिडिंग बुकात लिहिला गेला का, हे मात्र डोळ्यांनी पाहूनच उठायचं. आणि पुढच्या खेपेला तेच पान उघडायला लावायचं.

तुम्हीही जा, मैत्रिणींनो.