अमरावतीच्या सूनबाई, अंगणवाडीच्या आई : ताराबाई मोडक

अकोला : एक ते शंभर धडाधड म्हणणाऱ्या लेकराचं घरोघरी कौतुक होतं. पण त्याच लेकराला दहा चिंचोके मोजून मागा, तर कधी आठ देतं, कधी बारा. तोंडाला आकडे पाठ झाले, हाताला मोजणी आली नाही. जठारपेठेतली नर्सरी असो की खेड्यातली अंगणवाडी, ही अडचण कुठंही दिसू शकते. यावरची वाट गरिबाच्या अंगणापर्यंत नेणाऱ्या ताराबाई मोडक एकेकाळी आपल्या वऱ्हाडातच नांदत होत्या.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईचा. माहेरचं आडनाव केळकर. वडील प्रार्थना समाजाचे, म्हणून मुलीला शिकवलं. १९१४ मध्ये त्या बी. ए. झाल्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी लग्न होऊन त्या वऱ्हाडात आल्या. संसार टिकला नाही. १९२१ मध्ये दोघं वेगळे झाले. त्या काळी नवऱ्यापासून वेगळं होणं बाईमाणसाला सोपं नव्हतं. पदरात लहान मुलगी होती. पण ताराबाई खचल्या नाहीत. राजकोटला महिला शिक्षिकांच्या ट्रेनिंग कॉलेजात नोकरी धरली. तिथून भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या आणि मग जन्मभर लहान लेकरांच्याच झाल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला.

गिजुभाईंकडे माँटेसरीबाईंची पद्धत होती. या इटलीच्या डॉक्टरीणबाईंनी १९०७ मध्ये रोम शहरात गरीब कामगारांच्या मुलांसाठी बालघर काढलं होतं. त्यांचं गणित पाटीवरून सुरू होत नाही. आधी दहा दांड्या. सगळ्यात लहान १० सेंटीमीटरची, सगळ्यात मोठी १ मीटरची. सहाची दांडी पाचाहून लांब, हे लेकराच्या हाताला कळतं. मग मणी. सुटा मणी म्हणजे एकक, दहा मण्यांची काडी म्हणजे दशक, अशा दहा काड्यांची चौकट म्हणजे शतक. शून्य शिकवायला रिकामा कप्पा. आकडा लिहिणं त्यानंतर.

पद्धत चांगली, पण सामान महागाचं. खेड्यातल्या शाळेला ते कसं परवडणार? याचं उत्तर शोधायला ताराबाई १९४५ मध्ये समुद्रकाठच्या बोर्डी गावात गेल्या. सोबत होत्या अनुताई वाघ. ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं, पण गरीब वस्तीतली लेकरं काही येईनात. तेव्हा दोघींनी उलटं केलं. शाळाच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. लेकरांचे हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, मग खेळ आणि शिकणं. हीच अंगणवाडी. विकतच्या सामानाच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं आली. पैसा लागला नाही, पण मोजणी तीच झाली.

१९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथं वारली आदिवासींची पोरं ढोरं चारायला जायची, म्हणून त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरवली. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, सरकारची एकात्मिक बाल विकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द गावोगावी पोहोचला.

ताराबाईंची ही वाट आजही घरी चालता येते. तुरीचे पाच दाणे लेकरासमोर ठेवा. एकेका दाण्याला बोट लावून मोजू द्या. मग तेच दाणे लांब-लांब पसरा आणि विचारा, आता किती? पाचच आहेत हे त्याला न मोजता सांगता आलं, की पाच समजला. मग दहा काड्यांची जुडी बांधायला लावा. एक जुडी आणि वर तीन सुट्या काड्या म्हणजे तेरा, हे एकदा हाताला कळलं की पुढं हातच्याची बेरीज जड जात नाही. लेकरू चुकलं तर रागावू नका, दाणे परत त्याच्या पुढ्यात सरकवा. आणि अंगणवाडीत गेलात, तर पोरगं कितीपर्यंत म्हणतं हे विचारू नका, किती वस्तू बरोबर मोजून देतं ते पाहा.