विश्लेषण : स्वतःच उभारलेली संस्था टिळकांनी का सोडली?

राजीनामा देताना बहुतेक जण ‘वैयक्तिक कारणास्तव’ एवढंच लिहून मोकळे होतात. लोकमान्य टिळकांनी १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडताना मात्र अनेक पानांचं निवेदन दिलं. दहा वर्षांत काय ठरलं होतं आणि ते कुठे मोडलं, हे त्यात सविस्तर मांडलं होतं.

टिळकांचा जन्म १८५६ मध्ये रत्नागिरीत झाला. गणितात पदवी आणि पुढे कायद्याचं शिक्षण. सरकारी नोकरी किंवा वकिली सहज जमली असती. पण सरकारी शाळेतली नोकरी सोडून आलेल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांसोबत त्यांनी जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केलं. पुढच्याच वर्षी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघाले. कोल्हापूर प्रकरणातील बदनामीच्या खटल्यात १८८२ मध्ये टिळक आणि आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. १८८४ मध्ये सोसायटी स्थापन झाली, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज.

राजीनामा कोणाकडे दिला?

या संस्थेला मालक नव्हता. शिकवणारे आजीव सभासदच कारभार पाहत. म्हणजे टिळकांना कारणं सांगायची होती ती आपल्याच मित्रांना.

वाद नेमका कशाचा?

टिळक-आगरकर सामाजिक सुधारणांवरून वेगळे झाले, हे सगळ्यांना माहीत असतं. १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला, त्यामागे मुख्यतः तेच होतं. संस्थेतला वाद मात्र पगार आणि वेळेचा होता. सभासदांनी २० वर्षं सेवा करायची आणि मोजक्या वेतनात भागवायचं, अशी बांधिलकी होती. गोखल्यांच्या काळात हे वेतन दरमहा ७५ रुपये होतं. सभासदांनी सगळं लक्ष संस्थेलाच द्यावं आणि बाहेरची मिळकत स्वतःकडे ठेवू नये, यावर टिळक ठाम होते. इतर काहींना वेतनवाढ आणि बाहेर काम करण्याची मुभा हवी होती. तेवढ्या पैशांत संसार चालवणाऱ्यांची ही मागणी अवाजवी म्हणता येत नाही. शिवाय टिळक स्वतः वृत्तपत्रांच्या कामात होतेच, त्यामुळे विरोधकांनाही बोलायला जागा होती.

१८९० मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं आणि वाद विकोपाला गेला. बाहेरची एवढी जबाबदारी घेतल्यावर कॉलेजला वेळ कसा देणार, हा टिळकांचा आक्षेप होता. बहुमत आपल्या बाजूने नाही, हे दिसल्यावर त्यांनी ऑक्टोबरमध्ये राजीनामा दिला आणि डिसेंबरमध्ये सविस्तर निवेदन.

पुढे काय झालं?

१८९१ मध्ये टिळकांनी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ कर्जासकट आपल्याकडे घेतले. आगरकर १८९२ मध्ये फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि १८९५ मध्ये त्याच पदावर असताना गेले. ज्यांच्यावर आक्षेप होता ते गोखले मात्र १९०२ पर्यंत फर्ग्युसनमध्ये शिकवत राहिले.