घोड्याचे चारही पाय हवेत: अ‍ॅनिमेटरच्या कामी येणारा मायब्रिज

ब्लेंडरमध्ये पहिली वॉक सायकल करताना जवळपास प्रत्येकाचं हेच होतं. पाय हलतात, हात हलतात, पण कॅरेक्टर चालत नाही, बर्फावरून घसरतंय असं वाटतं. मग कोणीतरी सांगतं, रेफरन्स बघ. शोधायला बसलं की काही जुनी छायाचित्रं हमखास समोर येतात. मागे चौकटींचं जाळं, पुढे एक माणूस, आणि त्याच्या एकाच हालचालीच्या ओळीने दहा-बारा पोझेस. ही छायाचित्रं काढली एडवर्ड मायब्रिजने. ती वापरायची असतील तर ती कशी निघाली हे माहीत असलेलं बरं, कारण त्यात काही गोष्टी दिसतात तशा नाहीत.

मायब्रिजचा जन्म ९ एप्रिल १८३० चा, लंडनजवळच्या किंग्स्टन अपॉन टेम्सचा. मूळ नाव एडवर्ड मगरिज. आडनाव त्याने दोन-तीन वेळा बदललं आणि पहिल्या नावाचं स्पेलिंगही जुन्या सॅक्सन राजांसारखं करून घेतलं. तरुणपणी अमेरिकेत गेला आणि सॅन फ्रान्सिस्कोत पुस्तकांचं दुकान टाकलं. १८६० मध्ये टेक्सासमधून जाताना त्याची घोडागाडी उलटली आणि डोक्याला जबर मार लागला. उपचारांसाठी तो इंग्लंडला परतला, आणि १८६७ च्या सुमारास पुन्हा सॅन फ्रान्सिस्कोला आला तो फोटोग्राफर होऊनच. योसेमिटी खोऱ्याच्या फोटोंनी त्याचं नाव झालं.

१८७२ मध्ये लेलँड स्टॅनफर्डने त्याला गाठलं. हा कॅलिफोर्नियाचा माजी गव्हर्नर, रेल्वेचा मालक आणि घोड्यांचा शौकीन. त्याचा प्रश्न साधा होता: घोडा दौडताना चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का? (यावर २५,००० डॉलरची पैज लागली होती अशी गोष्ट सगळीकडे सापडते. तिला पुरावा नाही.) डोळ्याला हे दिसत नाही, पाय फार वेगाने हलतात. चित्रकार तर शतकानुशतकं घोड्याचे पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणून दाखवत आले होते, लाकडी डुलत्या घोड्यासारखे.

अडचण तांत्रिक होती. त्या काळात काचेच्या ओल्या प्लेटवर फोटो निघायचा आणि प्रकाश पडायला सेकंदांत वेळ लागायचा. सुरुवातीचे प्रयत्न धूसरच आले. मध्येच कामात मोठा खंडही पडला. १७ ऑक्टोबर १८७४ ला मायब्रिजने बायकोच्या प्रियकराला, हॅरी लार्किन्सला, गोळी घालून ठार मारलं. वकिलांनी डोक्याच्या जुन्या दुखापतीचा आधार घेऊन तो वेडाच्या भरात होता असं मांडलं. ज्युरीने ते मानलं नाही, पण नवऱ्याने केलं ते योग्यच असं ठरवून १८७५ मध्ये त्याला सोडून दिलं. तो मध्य अमेरिकेत फोटो काढायला निघून गेला. त्याच वर्षी बायको फ्लोरा वारली आणि लहान मुलगा अनाथाश्रमात वाढला. त्याच्यावरच्या लेखांत हा भाग एखाद्या मसालेदार किश्श्यासारखा येतो. मला तो वाचताना त्या पोराचाच विचार येतो.

आता १८७८ चा जून, पालो आल्टो, स्टॅनफर्डचं घोड्यांचं फार्म. (पुढे याच जागेवर त्याने स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी काढली.) धावपट्टीच्या कडेने बारा कॅमेरे एका ओळीत, एकमेकांपासून २७ इंचांवर. समोर पांढरा पडदा, त्यावर उभ्या रेघा. पट्टीवर आडवे ताणलेले दोरे. घोडी धावत आली की छातीने एकेक दोरा तुटतो, विजेचं सर्किट चालू होतं आणि त्या कॅमेऱ्याचं शटर पडतं. शटरच्या यंत्रणेत रेल्वेचा इंजिनियर जॉन आयझॅक्स याचा मोठा हात होता. सॅली गार्डनर नावाच्या घोडीच्या या फोटोंनी उत्तर दिलं. हो, चारही पाय हवेत असतात. पण पाय ताणलेले असताना नाही, तर पोटाखाली गोळा झालेले असताना. चित्रकारांनी रंगवलेली पोझ घोडा कधी घेतच नाही.

इथे थोडं गणित करू, कारण अ‍ॅनिमेटरला ते लागतं. घोडी मैलाला १ मिनिट ४० सेकंद या वेगाने पळत होती, म्हणजे सेकंदाला साधारण १६ मीटर. २७ इंच म्हणजे ०.६९ मीटर. भागाकार केला की दोन फोटोंमधलं अंतर येतं ०.०४३ सेकंद. म्हणजे सेकंदाला सुमारे २३ फ्रेम्स, आजच्या सिनेमाच्या २४ च्या अगदी जवळ! म्हणूनच ती चित्रं गिफ करून फिरवली की इतकी नैसर्गिक वाटतात. फक्त लूप करताना शेवटचं चित्र काढून टाका. त्यात घोडी चक्क उभी आहे.

पण हा ताल घोडीच्या वेगामुळे आला, घड्याळामुळे नाही. दोरा तुटला की फोटो, एवढंच. घोडी मंदावली असती तर फ्रेम्समधला वेळ वाढला असता आणि चित्र बघून ते कळलं नसतं. शिवाय प्रत्येक फ्रेम वेगळ्या कॅमेऱ्याची. त्यामुळे घोडी चौकटीच्या मधोमध राहते आणि मागच्या रेघा सरकतात, ट्रेडमिलवर धावल्यासारखं. जागच्या जागी सायकल करायला हे उत्तम. मात्र पाय जमिनीवर किती सरकतो हे मागच्या रेघांवरून मोजावं लागतं. (कॅमेऱ्यांची रांग लावून वेळ पकडायची हीच कल्पना १९९९ च्या 'द मॅट्रिक्स'मध्ये बुलेट टाइम म्हणून परत आली.)

पुढच्याच वर्षी मायब्रिजने झूप्रॅक्सिस्कोप बनवला. काचेच्या गोल चकतीवर कडेने चित्रं, ती फिरवून पडद्यावर हालचाल दाखवायची. या चकतीवर फोटो नव्हते, फोटोंवरून हाताने रंगवलेल्या आकृत्या होत्या. म्हणजे रेफरन्सवरून केलेलं अ‍ॅनिमेशनच! आणि त्या आकृत्या मुद्दाम लांबट काढलेल्या होत्या. उलट दिशेने फिरणाऱ्या फटींच्या चकतीमुळे पडद्यावर चित्र आक्रसायचं, म्हणून. जसंच्या तसं ट्रेस करून भागत नाही हे त्या यंत्रानेच शिकवलं. मॅक्स फ्लायशरने रोटोस्कोपच्या पेटंटसाठी अर्ज केला तो १९१५ मध्ये.

१८८२ मध्ये स्टॅनफर्डने घोड्यांच्या हालचालींवर पुस्तक छापून घेतलं. लेखक म्हणून नाव डॉ. स्टिलमन यांचं, मुखपृष्ठावर मायब्रिजचं नावच नाही. तो तेव्हा लंडनमध्ये व्याख्यानं देत होता. पुस्तक पाहून रॉयल सोसायटीने त्याचा निबंध छापायचं थांबवलं, कारण काम त्याचंच आहे का अशी शंका आली. त्याने स्टॅनफर्डवर दावा लावला आणि तो हरला. स्वतःचा कोड दुसऱ्याच्या नावाने रिलीज झालेला पाहिलेल्यांना हे लगेच समजेल.

मग पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्याला फिलाडेल्फियात बोलावलं. १८८४ पासून पुढची दोन-तीन वर्षं त्याने तिथे जे केलं, तेच आपण आज वापरतो. आता कोरड्या, जलद प्लेट्स होत्या आणि दोऱ्यांऐवजी ठरावीक अंतराने शटर पाडणारी विजेची यंत्रणा. बाजूने बारा कॅमेरे, शिवाय पुढून आणि मागून आणखी. मागे दोऱ्यांची जाळी, चौकट पाच सेंटीमीटरची. कॅरेक्टर चालताना डोकं किती वर-खाली होतं हे चौकटी मोजून काढता येतं, अंदाजाने नाही. धावणारे, पायऱ्या चढणारे, बादलीने पाणी ओतणाऱ्या बायका, ऐरणीवर घण मारणारे लोहार, प्राणीसंग्रहालयातले प्राणी, आणि स्वतः मायब्रिजसुद्धा, उघड्या अंगाने. १८८७ मध्ये यातल्या ७८१ प्लेट्स 'अ‍ॅनिमल लोकोमोशन' म्हणून प्रसिद्ध झाल्या.

आणि इथेच सावध व्हायचं. इतिहासकारांनी मूळ प्रिंट्स आणि छापील प्लेट्स ताडून पाहिल्या तेव्हा दिसलं की बऱ्याच प्लेट्समध्ये फ्रेम गहाळ होती, दुसरीकडची आणून लावली होती किंवा क्रम बदलला होता. एखादी काच फुटली किंवा शटर चुकलं की पान भरायला काहीतरी लागायचंच. चित्रकाराला याने फरक पडत नाही, त्याला एकच पोझ हवी असते. आपल्याला पडतो. त्यामुळे माझा नियम असा: मायब्रिजकडून पोझेस घ्यायच्या, टायमिंग नाही. पाय टेकतो ती पोझ, वजन खाली बसतं ती, पाय पुढे जाताना दुसऱ्याला ओलांडतो ती, शरीर सगळ्यात उंच असतं ती. एवढ्या चार की फ्रेम्स प्लेटवरून लावा आणि त्यांच्यामधलं अंतर स्वतः मोबाईलवर ६० फ्रेम्सने शूट केलेल्या व्हिडिओवरून ठरवा. नऊवारीत चालणारी आजी किंवा डोक्यावर हंडा घेतलेली बाई तुम्हाला फिलाडेल्फियाच्या प्लेट्समध्ये सापडणारही नाही. ती शूटच करावी लागेल.

मायब्रिज १८९४ मध्ये कायमचा इंग्लंडला परतला. १८९९ आणि १९०१ मध्ये निवडक प्लेट्सची दोन स्वस्त पुस्तकं काढली, एक प्राण्यांवर, एक माणसांवर. अ‍ॅनिमेशन स्टुडिओंच्या कपाटात पुढे हीच दिसू लागली, विशेषतः १९५० च्या दशकात डोव्हरने ती वाढवून पुन्हा छापल्यावर. ८ मे १९०४ ला तो किंग्स्टनमध्येच वारला. यंत्रं आणि चकत्या त्याने गावाला दिल्या, त्या तिथल्या म्युझियममध्ये आहेत. स्मृतिशिलेवर आडनावाचं स्पेलिंग मात्र चुकलं: मेब्रिज.

प्लेट्स आता कॉपीराइटमुक्त आहेत आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर बघायला मिळतात. सुरुवात करायची तर प्लेट ६२६ घ्या, दौडणारी अ‍ॅनी जी. २०१७ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी जिवंत बॅक्टेरियाच्या डीएनएमध्ये एक छोटी फिल्म साठवली होती, ती याच घोडीची. फक्त पाच फ्रेम्स.