मॉन्टेसरी नावाची डॉक्टर

गल्लोगल्ली ‘मॉन्टेसरी’च्या पाट्या दिसतात. मुलाला मॉन्टेसरीत घातलं, असं आपण सहज म्हणतो. पण हे एका बाईंचं आडनाव आहे आणि त्या बाई मुळात डॉक्टर होत्या, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

मारिया मॉन्टेसरी यांचा जन्म 31 ऑगस्ट 1870 रोजी इटलीतल्या किआराव्हाले इथे झाला. त्या काळी शिकलेल्या मुलीने फार तर शिक्षिका व्हायचं. मारियाला नेमकं तेच नको होतं. वडिलांचा विरोध असूनही तिने रोममध्ये वैद्यकीय शिक्षण घेतलं. पुरुष विद्यार्थ्यांसोबत एका मुलीने शवविच्छेदन करणं शोभत नाही, म्हणून तिला ते सगळे गेल्यावर एकटीने करावं लागे. 1896 मध्ये ती पदवीधर झाली. इटलीतल्या पहिल्या काही स्त्री डॉक्टरांपैकी ती एक होती.

विद्यापीठाच्या मनोरुग्ण विभागात काम करताना त्या रोममधल्या वेड्यांच्या इस्पितळांत जात. तिथे मतिमंद ठरवलेली मुलं मोठ्या रुग्णांबरोबरच कोंडलेली असत. जेवण झालं की ही मुलं जमिनीवर पडलेले पावाचे तुकडे गोळा करतात, म्हणून तिथली राखणदारीण त्यांना हावरट म्हणायची, असं सांगतात. मॉन्टेसरींनी खोलीभर नजर फिरवली. हातात घेण्यासारखी एकही वस्तू तिथे नव्हती. मुलांची भूक पोटाची नसून हातांची आणि डोक्याची आहे, हे निदान त्यांनी तिथे केलं. मला त्यांच्या आयुष्यातलं हे सर्वांत महत्त्वाचं निदान वाटतं.

मग त्यांनी इतार आणि सेगँ या फ्रेंच डॉक्टरांचं जुनं काम शोधून वाचलं. 1900 मध्ये अशा मुलांच्या शिक्षकांसाठी निघालेल्या संस्थेत डॉ. ज्युसेप्पे मोंतेसानो यांच्यासह त्या संचालक झाल्या. स्पर्शाने, हाताळून शिकलेली त्यांची काही मुलं सर्वसाधारण मुलांच्या परीक्षेत पास झाली. लोकांनी कौतुक केलं. मॉन्टेसरींना मात्र प्रश्न पडला, की मग धडधाकट मुलं शाळेत इतकी मागे का राहतात?

याच काळात त्यांच्या खासगी आयुष्यात एक जखम झाली होती. मोंतेसानोंपासून त्यांना 1898 मध्ये मुलगा झाला, मारिओ. लग्न झालेलं नव्हतं. बाळाला खेड्यातल्या एका कुटुंबाकडे ठेवावं लागलं. जगभरच्या मुलांचा विचार करणाऱ्या या बाईंना स्वतःचं मूल वाढवता आलं नाही. मारिओ त्यांच्याकडे आला तो पंधराव्या वर्षाच्या सुमारास.

6 जानेवारी 1907 रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत ‘बालगृह’ सुरू झालं. आईबाप कामावर गेले की मुलं नव्याने दुरुस्त केलेल्या चाळीची नासधूस करत, म्हणून मालकांनाच ही सोय हवी होती. मॉन्टेसरींनी तिथे डॉक्टरी शिस्त नेली. मुलांचं वजन-उंची नियमित मोजायची, नोंदी ठेवायच्या आणि मुख्य म्हणजे मध्ये न पडता बघायचं. एक तीन वर्षांची मुलगी लाकडी ठोकळे त्यांच्या खाचांत बसवत होती. भोवती गाणी झाली, तिला खुर्चीसकट उचललं, तरी तिचं लक्ष हललं नाही. चाळीसहून जास्त वेळा तेच करून ती थांबली, ती दमलेली नव्हे, ताजीतवानी. एकदा कपाट चुकून उघडं राहिलं, तर मुलांनी आपापली साधनं स्वतः निवडून काम सुरू केलं. तेव्हापासून कुलूप गेलं आणि मुलांच्या हाताला येतील अशी बुटकी, उघडी फडताळं आली.

पुढची कीर्ती सर्वज्ञात आहे. मुसोलिनीने आधी त्यांच्या शाळांना आश्रय दिला. तो त्यांनी घेतला, ही गोष्ट झाकण्यासारखी नाही. 1934 मध्ये बिनसलं आणि त्यांनी इटली सोडली. 1939 च्या अखेरीस थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून त्या मारिओसह मद्रासला अड्यारला आल्या. जून 1940 मध्ये इटली युद्धात उतरली आणि ही मायलेकरं शत्रूराष्ट्राची नागरिक ठरली. मॉन्टेसरींच्या फिरण्यावर बंधनं आली, मारिओची रवानगी आपल्या अहमदनगरच्या छावणीत झाली. आईच्या सत्तराव्या वाढदिवशी ब्रिटिश सरकारने त्याला सोडलं. इतकी वर्षं लोकांसमोर तो दत्तक किंवा भाचा म्हणून वावरला होता. सुटकेच्या आदेशात मात्र त्याला मुलगा म्हटलं होतं. युद्ध संपेपर्यंत दोघांनी भारतातच शेकडो शिक्षक तयार केले. मॉन्टेसरींचं निधन 6 मे 1952 रोजी नेदरलँड्समध्ये झालं.

ही पद्धत खरंच चालते का? 2006 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातला अभ्यास आला. सोडतीत मॉन्टेसरी शाळेत नंबर लागलेली आणि न लागलेली मुलं त्यात ताडून पाहिली होती. पाच वर्षांची मॉन्टेसरीतली मुलं वाचन, गणित आणि इतरांशी वागणं यांत पुढे होती. अर्थात ही शाळा काटेकोर पद्धतीची होती. या नावावर कोणाची मालकी नसल्याने आपल्याकडे पाटी कोणीही लावतं आणि आत तीन वर्षांच्या मुलांना हाताची घडी घालून बसवतं.

मूळ साधनं महाग, ही तक्रार जुनीच. भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत काम केलेल्या ताराबाई मोडकांनी तिला उत्तर शोधलं. 1945 मध्ये बोर्डीला त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ सोबत होत्या. रंगीत लाकडी संचांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं आली. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच पाड्यावर, घरांच्या अंगणात गेली. 1975 मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी.