रंगभूमीवरून पडद्यावर : उदय शंकर

चित्रकार आपल्यामागे चित्र ठेवून जातो, कवी ग्रंथ ठेवून जातो. नर्तकाची कला मात्र पडदा पडताच नाहीशी होते. या हानीवर उपाय शोधण्यासाठी ज्यांनी आपले सर्वस्व पणास लाविले, त्या उदय शंकर यांचा परिचय आम्ही वाचकांस करून देत आहोत.

त्यांचा जन्म ८ डिसेंबर १९०० रोजी उदयपूर येथे एका बंगाली कुटुंबात झाला. १९१८ साली ते चित्रकला शिकण्यास मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आले व १९२० साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये गेले. नृत्याचे रीतसर शिक्षण त्यांस मिळाले नव्हते. तथापि विख्यात रशियन नर्तिका ॲना पाव्हलोव्हा हिने त्यांचे गुण हेरले, आणि १९२३ साली तिच्यासमवेत ते राधाकृष्णाच्या नृत्यात कृष्ण झाले. पुढे स्वतःचे पथक घेऊन त्यांनी युरोप व अमेरिका गाजविली. १९३८ साली स्वदेशी स्थिर होऊन त्यांनी अल्मोड्याजवळ सिमतोला येथे कलाकेंद्र स्थापिले. पुढे चित्रपटसृष्टीत नावाजलेले गुरुदत्त हे तेथलेच विद्यार्थी. परंतु द्रव्याभावी हे केंद्र थोड्याच वर्षांत बंद पडले.

तेव्हा त्यांनी मद्रासच्या जेमिनी स्टुडिओत ‘कल्पना’ नावाचा चित्रपट काढण्यास घेतला. काम वाटते तितके सोपे नव्हते. नाट्यगृहात प्रेक्षकास नर्तक नखशिखान्त दिसतो, सारा समूह एकाच दृष्टिक्षेपात येतो. कॅमेरा जवळ न्यावा तर पावले नजरेआड होतात. दूर ठेवावा तर बोटांची मुद्रा व डोळ्यांतील भाव हरपतात. रंगमंचासमोर कॅमेरा ठेवून नृत्य जसेच्या तसे टिपणे हा सोपा मार्ग होता. तो त्यांनी पत्करिला नाही, आणि आमच्या मते हेच त्यांचे खरे धैर्य. छायाप्रकाश, एका चित्रावर दुसरे चित्र चढविणे, क्षणात दृश्य पालटणे, या साधनांनी त्यांनी नृत्यांची रचना पडद्यासाठी नव्याने केली. श्रमिक व यंत्र यांवरील आपले जुने नृत्यही त्यांनी पडद्यास साजेसे करून घेतले. चित्रे इतक्या वेगाने सरकतात की, प्रेक्षकांनी सावध राहून पाहावे अशी विनंती त्यांनी आरंभीच केली आहे! छायाचित्रण के. रामनाथ यांचे होते. संगीत विष्णुदास शिराळी यांचे. हे पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. नायिका म्हणजे त्यांच्या पत्नी अमलादेवी.

कथेत एक कलावंत आपली कहाणी चित्रपट-निर्मात्यास ऐकवितो व तो ती नाकारितो. १९४८ साली ‘कल्पना’ प्रदर्शित झाला, तेव्हा प्रत्यक्षातही काहीसे तसेच घडले. जाणकारांनी वाखाणला, पण झालेला खर्चही निघाला नाही. एवढ्या आघाताने दुसरा कोणी पडद्याकडे पुन्हा फिरकला नसता. उदय शंकर यांनी मात्र १९७० साली ‘शंकरस्कोप’ हा प्रयोग केला. त्यात पडद्यावरील पात्रे जणू बाहेर पडून रंगमंचावर अवतरत. २६ सप्टेंबर १९७७ रोजी कलकत्त्यास त्यांचे निधन झाले.

‘कल्पना’ची जीर्ण फीत पुढे दुरुस्त करण्यात आली व २०१२ साली फ्रान्समधील कान महोत्सवात ती दाखविली गेली. नव्वदी ओलांडलेल्या अमलादेवी त्या वेळी स्वतः तेथे उपस्थित होत्या.